नाटकगृहाच्या मालकाची वसीयत आणि चव्वेचाळीस वर्षांनी झालेला लिलाव

लंडनचे नामवंत नट आणि ड्रुरी लेन नाटकगृहाचे एक मालक डेव्हिड गॅरिक २० जानेवारी १७७९ रोजी वारले. मागे राहिलेली मालमत्ता सुमारे एक लाख पौंडांची होती. त्यांच्या अभिनयावर भरपूर लिहिले गेले आहे. व्यापारी माणसाने मात्र त्यांची वसीयत पाहावी.

तरुणपणी गॅरिकने भावाबरोबर वाइनचा व्यापार केला होता. हिशेबाची सवय तिथलीच असावी. १७४७ मध्ये ते ड्रुरी लेनचे भागीदार झाले आणि १७७६ मध्ये आपला निम्मा हिस्सा त्यांनी शेरिडन व त्याच्या साथीदारांना ३५,००० पौंडांना विकला. आमच्या मते हाच त्यांचा सर्वांत शहाणपणाचा व्यवहार. भागीदार वारल्यावर चालत्या धंद्यातून वारसांचा हिस्सा बाहेर काढणे किती कठीण असते, हे ज्यांच्या दुकानावर असा प्रसंग आला त्यांना सांगायला नको. गॅरिकने हयातीतच हिस्सा मोकळा केला. पुढे १८०९ मध्ये ते नाटकगृह जळून खाक झाले, तेव्हा मालक म्हणून तोंड दिले ते शेरिडनने.

आता वसीयत. अपत्य नव्हते. पत्नी इव्हा मारिया ही मूळची व्हिएन्नाची. तिला ६,००० पौंड रोख, दरसाल १,५०० पौंड आणि लंडन व हॅम्प्टन येथील दोन्ही घरे राहण्यापुरती दिली. घरे विकण्याचा हक्क नाही, आणि अट अशी की तिने इंग्लंडमध्येच राहावे! जॉर्ज या भावाला १०,००० पौंड, तर पीटर या दुसऱ्या भावाला फक्त ३,०००. जुन्या नाटकांच्या छापील प्रतींचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला.

एका भावाला दुसऱ्याच्या तिप्पट, हे तिथल्या कायद्यात चालत होते. आपल्याकडे शरियतप्रमाणे आधी दफनखर्च व कर्ज फेडायचे, मग उरलेल्यातील जास्तीत जास्त एक तृतीयांशापुरतीच वसीयत चालते, आणि हनफी मतानुसार वारसाच्या नावे केलेली वसीयत इतर वारसांच्या संमतीशिवाय टिकत नाही. अपत्यहीन पतीच्या मालमत्तेत पत्नीचा हिस्सा चौथा. कर्ज व वसीयत नसेल तर लाख पौंडांत तो २५,००० पौंड होतो. तोही पूर्ण मालकीचा, अटीशिवाय. सख्खे भाऊ एकमेकांत बरोबरीचे.

गॅरिकच्या वारसांना खरी अडचण आली ती वेळेची. घरे आणि आतील चित्रे विकायची ती पत्नीच्या पश्चात. ती बाई ऑक्टोबर १८२२ पर्यंत, नव्वदी ओलांडून कितीतरी पुढे जगली. दरसालचे १,५०० धरले तर त्रेचाळीस वर्षांत ६४,००० पौंडांहून अधिक रक्कम होते. वाट पाहणारे वारस मात्र एकेक करून गेले. जॉर्ज तर भावामागोमाग महिन्याच्या आतच वारला होता. वारसच बदलले की वाटे वाढतात, आणि वाट्यांबरोबर वकिलांची बिलेही.

अखेर १८२३ मध्ये लिलाव झाला. चित्रे ख्रिस्टीजकडे विकली गेली, पुस्तकांचा लिलाव वेगळा. हॉगार्थ या चित्रकाराची निवडणुकीवरील चार चित्रे गॅरिकने हयातीत २०० गिनींना, म्हणजे २१० पौंडांना घेतली होती. वास्तुविशारद सर जॉन सोन यांनी ती १,७३२ पौंड १० शिलिंगांना घेतली. आकडा ऐकून डोळे विस्फारतात. पण साठेक वर्षांवर पसरवून पाहिले तर वाढ दरसाल साधारण साडेतीन टक्केच पडते. चित्रे आजही लंडनला सोन यांच्या घरातील संग्रहालयात आहेत.