मामा, मला फॉरेनला पाठव ना!

सातवीतल्या मुलांसाठी 'समाजसेवा प्लस अ‍ॅडव्हेंचर' अशा फॉरेन टूरची क्रेझ आता तालुक्याच्या गावातही पोचलीय. गावाकडून सल्ल्यासाठी फोन अर्थातच तुम्हाला येणार. मग काय सांगाल?

पुण्या-मुंबईत नोकरी, आणि मूळ गाव भोकरदन, सिल्लोड, जाफ्राबाद असं काहीतरी. अशा प्रत्येकाला घरात एक पद फुकटात मिळतं : 'बाहेरचं कळणारा माणूस'. त्यात तुम्ही एकदा ऑनसाइटला जाऊन आला असाल, तर विषयच संपला. बँकेचं लोन असो, मोबाइल असो की भाचीचं करिअर, शेवटचा शब्द तुमचा. आणि मग एखाद्या रविवारी फोन येतो.

"अरे, शाळेत कागद आलाय. सातवी-आठवीच्या पोरांना परदेशात नेणारेत म्हणे. तिथं समाजसेवा करायची, मग डोंगर चढायचा, नदीत बोट चालवायची. पोरगी दोन दिवस झाले धड जेवत नाही. पाठवावं का रे?"

"ताई, पण नेतंय कोण?"

"ते तूच बघ ना. आम्हाला काय कळतंय त्यातलं!"

झाली ना गोची? 'हो' म्हणालात तर मिरचीचे, मक्याचे आलेले पैसे एका झटक्यात जाणार, वर बारा वर्षांची पोर परक्या मुलखात. 'नाही' म्हणालात तर तुम्ही व्हिलन मामा. तेव्हा नुसतं 'बघू' म्हणून फोन ठेवण्याआधी हा विषय जरा नीट समजून घेऊ या.

भोकरदन आणि फॉरेन? जुनं नातं आहे!

सगळ्यात आधी 'आपल्या गावाला कुठे हे फॉरेनचं फॅड' हा डायलॉग बाद करा. केळना नदीकाठचं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भरहूतच्या स्तूपांवर ज्या दानशूरांची नावं कोरलीत, त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत. मध्य प्रदेशात, आणि तेही दोन हजार वर्षांपूर्वी! १९७०च्या दशकात नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं. त्यात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक तुकडा सापडला. गंमत पुढे आहे. इटलीतल्या पॉम्पेई शहरात १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली होती. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत शहराबरोबर तीही गाडली गेली होती. भोकरदनचा तुकडा तिच्याशी इतका मिळताजुळता आहे, की पॉम्पेईची मूर्ती भोकरदनच्याच कारागिरांची असावी, असं काही अभ्यासक मानतात. ती आज नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे.

थोडक्यात, भोकरदनमधून बाहेर पडणं ही काही आजची फॅशन नाही. प्रश्न जायचं की नाही हा नाहीच. कोणाबरोबर, कशासाठी आणि कोणत्या वयात, हा आहे.

अकरा वर्षांची मुलं जातात, चक्क आई-बाबांशिवाय!

'एवढ्या लहान पोरांना कोण पाठवतं?' असं आजी नक्की म्हणणार. तर पाठवतात, आणि सत्तरहून जास्त वर्षं पाठवतायत. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात डोरिस अ‍ॅलन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई होत्या. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यांच्या डोक्यात आलं, की शांतता शिकवायची तर मुलांपासून सुरुवात हवी. त्यातून १९५१ मध्ये पहिलं आंतरराष्ट्रीय बालशिबिर भरलं. तीच आजची सीआयएसव्ही ही संस्था. तिच्या 'व्हिलेज' या शिबिराचा फंडा साधा आहे. वय ११. प्रत्येक देशाची २ मुलं, २ मुली आणि त्यांच्याबरोबर एक मोठा माणूस. सुमारे चार आठवडे एकत्र राहायचं, खेळायचं, स्वयंपाकघरात हात लावायचा. भारतातही या संस्थेच्या शाखा आहेत.

आता आपल्याकडचं उदाहरण. पुणे जिल्हा परिषदेनं २०२५ मध्ये आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मदतीनं सहावी-सातवीतली ७५ मुलं निवडली. ५० जणांना इस्रो, २५ जणांना थेट नासा! ही सगळी झेडपीच्या शाळांतली, खेड्यापाड्यांतली मुलं. त्यातली काही तोवर ट्रेनमध्येही बसलेली नव्हती, असं तेव्हा बातम्यांमध्ये आलं होतं. निवड मार्कांच्या एका पेपरवर झाली नाही, तीन टप्प्यांत झाली. आणि खर्चाचा भार पालकांवर नव्हता.

इथेच शाळेतल्या पत्रकाचा पहिला क्लू मिळतो. खऱ्या उपक्रमात मुलं निवडली जातात, त्यांची तयारी करून घेतली जाते. निव्वळ धंदा असेल तिथे निवडीचा निकष एकच असतो : पहिला हप्ता कधी भरताय?

'सेवा' नेमकी कुणाची?

पत्रकावरचा सगळ्यात गोड शब्द म्हणजे 'व्हॉलंटियरिंग'. अनाथाश्रमात दोन दिवस, शाळेची भिंत रंगवणं, छोट्यांना इंग्रजी शिकवणं. वाचायला मस्त. पण जरा उलटं करून बघा. भोकरदनच्या एखाद्या शाळेत उद्या परदेशातली वीस मुलं आली. कोणी ओळखीचं नाही, भाषा येत नाही. त्यांनी वर्ग बंद करून दोन दिवस मुलांशी खेळ खेळले, कडेवर घेऊन फोटो काढले, वेडीवाकडी भिंत रंगवली आणि निघून गेली. तुम्हाला आवडेल? मग तेच काम आपल्या भाचीनं काठमांडूत केल्यावर 'सेवा' कसं होतं?

नेपाळचं नाव उगाच घेतलेलं नाही. तिथल्या १९९६ ते २००६ च्या यादवीत दलालांनी डोंगराळ जिल्ह्यांतली मुलं 'चांगलं शिक्षण देतो' म्हणून काठमांडूत आणली आणि 'अनाथ' म्हणून आश्रमांत ठेवली. नंतर लक्षात आलं, की अशा आश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण तरी, हयात आहेत. पाहुणे येतात, देणग्या देतात, म्हणून आश्रम भरलेले ठेवायचे, असं ते चक्र. ऑस्ट्रेलियानं २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, तेव्हा या 'ऑर्फनेज ट्रॅफिकिंग'चाही विचार झाला. 'लहान मुलं म्हणजे टुरिस्ट स्पॉट नव्हेत' अशी मोहीम कंबोडियात २०११ पासूनच चालली होती.

म्हणून नियम सोपा ठेवा. कार्यक्रमात अनाथाश्रम असेल तर थेट फुली. बारा वर्षांच्या मुलीनं कुणाला 'वाचवायला' जायचंच नसतं, ती शिकायला जाते. झाडं लावणं, समुद्रकिनारा साफ करणं, स्थानिक शाळेतल्या मुलांबरोबर खेळणं, त्यांच्या घरी राहून त्यांच्यासारखं जेवणं, एवढं भरपूर झालं. आणि ते काम पाहुणे नसतानाही तिथे वर्षभर चालतं ना, हे विचारायचंच.

थ्रिल हवं, पण कुणाच्या भरवशावर?

आता अ‍ॅडव्हेंचर. मार्च १९९३ मध्ये इंग्लंडच्या लाइम बे इथे शाळेतली मुलं कयाकिंगला गेली. वारा वाढला, मुलं आत समुद्रात ओढली गेली, मदत उशिरा पोचली आणि चार विद्यार्थी दगावले. केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या मॅनेजिंग डायरेक्टरला तुरुंगात जावं लागलं आणि १९९५ मध्ये खास कायदा आला. पुढे २००७ मध्ये ब्रिटननं परदेशी मोहिमांसाठी एक मानक काढलं, बीएस ८८४८. आकडा ओळखीचा वाटतोय? एव्हरेस्टची मीटरमधली उंची! त्यातलं मुख्य तत्त्व आपल्याला घेण्यासारखं आहे. टूर कितीही जणांनी मिळून चालवली, बस एकाची, हॉटेल दुसऱ्याचं, बोट तिसऱ्याची, तरी जबाबदार एकच. 'ते आमचं नाही, लोकल एजंटचं आहे' हे उत्तर चालत नाही.

आयोजक मोठा असला म्हणजे टेन्शन संपलं, असंही नाही. २०२३ मध्ये दक्षिण कोरियात जागतिक स्काउट जांबोरी भरली. ४० हजारांहून जास्त मुलं! कडक उन्हानं शेकडो आजारी पडली, ब्रिटन आणि अमेरिकेनं आपली पथकं मैदानातून काढून घेतली आणि शेवटी वादळाच्या इशाऱ्यामुळे सगळा तळच रिकामा करावा लागला. पण तो करता आला, कारण प्रत्येक पथकाबरोबर आपले मोठे लोक होते आणि 'बस्स, आता निघायचं' हे म्हणण्याचा अधिकार त्यांना होता. तुमच्या पत्रकातल्या टूरमध्ये तो अधिकार कुणाकडे आहे?

आपल्याकडेही महाराष्ट्रानं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमीन, पाणी, हवा अशा तिन्ही प्रकारांत आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. परदेशातल्या नदीला हा नियम लागू नाही, हे खरं. पण इथे कॅम्प घेणाऱ्यानं इथली नोंदणीही केलेली नसेल, तर तिकडे तो काय दिवे लावणार?

मामा-मावशींची चेकलिस्ट

हे प्रश्न कागदावर लिहा आणि शाळेत पालकसभा होईल तेव्हा ताई-भाऊजींना बिनधास्त विचारायला सांगा.

• किती मुलांमागे किती मोठी माणसं? त्यात मुलींबरोबर बाई शिक्षिका किती? एखादे सर आजारी मुलाला घेऊन दवाखान्यात गेले, तर बाकीच्यांजवळ कोण?

• रात्री खोलीत कोण? मूल आणि एकटा मोठा माणूस बंद खोलीत, असं कधीच होता कामा नये. हा नियम लेखी हवा.

• उंची किती? अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो, अगदी धडधाकट मुलालाही. तीन हजारांच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवायची नसते. 'दोन दिवसांत टॉप' अशी जाहिरात असेल तर बाय बाय.

• इन्शुरन्समध्ये राफ्टिंग, ट्रेकिंग धरलंय का? बऱ्याच साध्या ट्रॅव्हल पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात. पॉलिसीची प्रत मागा, तोंडी 'हो हो' नको.

• टूर रद्द झाली किंवा मुलगी मध्येच आजारी पडली, तर पैसे किती परत आणि तिला आणणार कोण?

• टीसीएस धरून एकूण आकडा किती? परदेशी टूर पॅकेजवर हा कर आधीच कापला जातो. रिटर्न भरल्यावर तो वळता करून घेता येतो, पण भरताना खिशातूनच जातो.

उत्तरं गोल गोल आली, तर तेही उत्तरच समजा.

कागदपत्रांचा खेळ

इथे मात्र तुम्ही खरोखर हिरो होऊ शकता. लहान मुलांचा पासपोर्ट ५ वर्षं किंवा १८ पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालतो. साध्या पासपोर्टची फी १००० रुपये. आई-वडील दोघांची संमती लागते. अमेरिकेचा बेत असेल तर लक्षात ठेवा, २ सप्टेंबर २०२५ पासून १४ वर्षांखालच्या मुलांनाही व्हिसासाठी साधारणपणे प्रत्यक्ष मुलाखत द्यावी लागते. म्हणजे मुंबईची एक फेरी आलीच.

उलट नेपाळ एकदम सोपं. आपल्याला व्हिसा नाही. १५ वर्षांखालच्या मुलांना आधार कार्डही चालतं, अशी मुभा केंद्रानं २०१९ मध्ये दिली. तरी निघण्याआधी नियम एकदा बघून घ्या, आणि मूल आई-बाबांशिवाय जात असेल तर दोघांच्या सहीचं संमतीपत्र बरोबर असू द्या.

'नाही'ला पण उत्तर हवं

समजा, चेकलिस्टमध्ये पत्रक नापास झालं. किंवा पत्रक चांगलं आहे, पण आकडा आवाक्याबाहेर आहे. अशा वेळी कर्ज काढून पाठवू नका, प्लीज. बाराव्या वर्षी हुकलेली फॉरेन टूर म्हणजे हुकलेलं आयुष्य नाही. पण नुसतं 'मोठी झाल्यावर बघू' म्हणून तोंडाला पानंही पुसू नका. वर्गातल्या चार मैत्रिणी जाणार आणि आपण नाही, हे त्या वयात फार लागतं.

पर्याय द्या. मे महिन्यात तिला आठवडाभर तुमच्याकडे बोलवा आणि नोंदणी असलेल्या संस्थेच्या सह्याद्रीतल्या कॅम्पला घाला. घरापासून लांब, अनोळखी मुलांबरोबर चार रात्री राहता येतं का, हे तिथेच कळतं. रडत परत आली तरी बिघडलं काय? अजिंठा भोकरदनपासून फार लांब नाही. जगभरातून माणसं ते बघायला येतात, आणि आपल्याकडची कित्येक पोरं शाळेच्या सहलीत एकदा धावतपळत बघून येतात. तिला तिथे दिवसभर घेऊन जा, आलेल्या परदेशी पाहुण्यांशी दोन वाक्यं इंग्रजीत बोलू द्या. चौदा पूर्ण झाल्यावर 'इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल' आहे. त्यात समाजसेवा आणि साहसी प्रवास दोन्ही असतात, आणि देश सोडावा लागत नाही. स्काउट-गाइडची जागतिक जांबोरीही १४ ते १७ वयाचीच.

आणि हो, पत्रक पास झालं, पैसे जमले, तर मात्र मागे ओढू नका. फक्त पैसे भरण्याआधी स्वतः भाचीशी बोला. 'तिसऱ्या दिवशी घरची आठवण आली, जेवण आवडलं नाही, तर काय करशील?' एवढंच विचारा. 'सरांना सांगेन' म्हणाली तर मुलगी तयार आहे. 'मी नाही रडणार' म्हणाली, तर अजून एक वर्ष थांबायला हरकत नाही.

पासपोर्ट मात्र आत्ताच काढून ठेवा. पाच वर्षांत काहीही होऊ शकतं!