स्वयंचलित गिअरचा लपंडाव

रायपूरच्या ब्राह्मणपारा या जुन्या वस्तीतून पंधरा-वीस वर्षे वापरलेली, स्वयंचलित गिअरची एखादी मोटार जात आहे, अशी कल्पना करावी. सकाळी ती सुरळीत चालते. मे महिन्यातील दुपारी, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, गर्दीतून काही वेळ रखडत गेल्यावर मात्र ती दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाईनाशी होते. इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाही. कारागिराकडे नेईपर्यंत यंत्र निवते आणि दोष नाहीसा होतो. वैद्याच्या दारात रोग्याचा ताप उतरावा, तसाच हा प्रकार होय. मग अंदाजाने सबंध गिअरपेटी उघडली जाते, मोठा खर्च होतो, आणि कित्येकदा मूळ दोष जागच्या जागी राहतो.

दोष शोधण्यापूर्वी यंत्राची रचना ध्यानी घेतली पाहिजे. जनरल मोटर्स कंपनीने १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींत ‘हायड्रामॅटिक’ गिअरपेटी बसवली. चालकाच्या हातापायांचे काम तिने तेलावर सोपवले. इंजिनाबरोबर फिरणारा पंप तेलावर दाब आणतो. झडपा तो दाब योग्य वाटेने सोडतात. त्या दाबाने क्लचच्या चकत्या परस्परांस घट्ट धरतात आणि गिअर बदलतो. झडपा केव्हा उघडाव्यात हे पूर्वी यांत्रिक योजनेने ठरत असे. पुढे हे काम संगणक आणि त्याच्या आज्ञेने चालणारी सोलेनॉइड नावाची विद्युत्-झडप यांच्याकडे आले. अर्थात दोष तीन ठिकाणी संभवतो: तेलात, विजेच्या आज्ञेत किंवा चकत्यांत. पहिल्या दोहोंचा उपाय बहुधा स्वस्त असतो, तिसऱ्याचा महाग.

दोष केव्हा प्रकट होतो, यातच निदानाचे बीज आहे. मोटार रखडत चालते तेव्हा इंजिन व गिअरपेटी यांना जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल घुसळले जाते आणि शक्तीचा बराच भाग उष्णतेत जातो. तापलेले तेल पातळ होते, झिजलेल्या कड्यांच्या फटींतून निसटते आणि दाब घटतो. याउलट, डिसेंबरातील पहाटे गिअर उशिरा लागत असेल व यंत्र तापल्यावर तक्रार मिटत असेल, तर कडक झालेल्या रबरी कड्यांचा संशय घ्यावा. ऊब मिळताच त्या फुगून फट बुजवतात.

दुसरी खूण इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्याची. विजेच्या आज्ञेत बिघाड आढळताच संगणक पेटीच्या रक्षणासाठी गाडी एकाच गिअरवर धरून ठेवतो. यंत्र तापलेलेच असता नुसत्या पुन्हा सुरू करण्याने गाडी ताळ्यावर आली, तर प्रथम तारा, जोडण्या व सोलेनॉइड तपासाव्यात. ती केवळ निवल्यावरच सुधारत असेल, तर तेलाच्या दाबाकडे अधिक लक्ष द्यावे.

तपासणीचा क्रमही स्वस्ताकडून महागाकडे असावा. प्रथम तेलाची पातळी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या रीतीनेच मोजावी. काही गाड्यांत ती इंजिन चालू असता, तर काहींत बंद केल्यावर लगेच मोजतात. तेल कमी असल्यास पंप हवा ओढतो. जास्त असल्यास फेस होतो. दोहोंनी दाब डळमळतो. तेल काळपट व जळका वास येणारे असेल, तर चकत्या जळत आहेत; दुधाळ गुलाबी असेल, तर त्यात पाणी शिरले आहे. यानंतर संगणकाने नोंदलेले दोषसंकेत वाचावेत, बॅटरीची टोके व जमिनीच्या तारा घट्ट आहेत की नाहीत ते पाहावे. सोलेनॉइडचा रोध थंड व तप्त अशा दोन्ही स्थितींत मोजावा. तांब्याचा रोध दर अंशास सुमारे ०.४ टक्का वाढतो. म्हणून २५ अंशांना १२ ओहम असलेले वेटोळे ९५ अंशांना सुमारे १५ ओहम दाखवील, आणि ही वाढ दोष नव्हे. मात्र तापताच रोध अमर्याद झाला, तर आतील तार तुटलेली आहे व उष्णतेने तिची टोके विलग होतात, असे समजावे. शेवटी दाबमापक जोडून तप्त स्थितीतील तेलाचा दाब पाहावा. तो कमी भरला, तरच पेटी उघडण्यास आधार मिळतो.

या कामी मालकाचे साहाय्य मोलाचे असते. कोणता गिअर, किती वेग, किती वेळ चालल्यावर, चढ की सपाट, पुन्हा सुरू केल्यावर काय झाले, एवढ्या नोंदी त्याने आठवडाभर वहीत टिपाव्यात. दोष दडलेला असतानाही त्या नोंदी कारागिराशी बोलतात.