विश्लेषण : बांधावर पडून असलेली जुनी पिकअप घ्यायचीय? लोखंडाआधी कागद तपासा

नारायणगड परिसर असो की बीड जिल्ह्यातील दुसरे कोणतेही गाव. एखाद्या गोठ्यामागे, बाभळीखाली वर्षानुवर्षे न हललेली जीप किंवा पिकअप हमखास दिसते. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी चालवलेली आणि नंतर तशीच सोडून दिलेली. जुन्या गाड्यांच्या शौकिनांसाठी हा खजिना असतो. पण गंज काढता येतो, इंजिन बांधता येते. हरवलेली मालकी मात्र कोणत्याही गॅरेजमध्ये दुरुस्त होत नाही.

अशा गाड्या कोणत्या?

महिंद्रने १९६५ मध्ये ‘एफसी १५०’ हा छोटा पेट्रोल ट्रक बाजारात आणला. मूळ आराखडा अमेरिकेच्या विलिज कंपनीचा. चालकाची केबिन थेट इंजिनावर, पुढे बॉनेट नाही आणि मागे मोकळा हौदा, अशी तिची ठेवण. १९७५ मध्ये डिझेलवरची ‘एफसी २६०’ आली. बजाज टेम्पोची ‘मॅटाडोर’ही याच काळातली. शिवाय मागची बाजू कापून हौदा बसवलेल्या जीपही अनेक. त्या दिसायला पिकअप असल्या, तरी कागदावर जीपच असू शकतात. फरक इथूनच सुरू होतो.

पहिला प्रश्न : मालक कोण?

आरसी बुकावरचे नाव हाच मालक. बहुतेक वेळा ती व्यक्ती हयात नसते आणि सौदा करायला एक मुलगा किंवा पुतण्या पुढे येतो. अशा वेळी आधी गाडी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर व्हावी लागते. इतर वारसांची लेखी संमती घेतलेली बरी. नाही तर गाडी दुरुस्त होऊन रस्त्यावर आली की दुसरा भाऊ हक्क सांगायला येतो. त्यानंतर फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे बोलीभाषेतला ‘टीटी फॉर्म’ भरून खरेदीदाराच्या नावावर हस्तांतर होते. नुसता बॉन्ड लिहून गाडी नावावर होत नाही.

नंबर जुना असेल तर?

‘एमएच २३’ म्हणजे बीड, ‘एमएच ४४’ म्हणजे अंबाजोगाई. ही पद्धत १९८९ च्या नियमांनंतरची. त्याआधीच्या पाट्यांवर तीन अक्षरे आणि चार आकडे असत. त्या काळातील नोंदी कागदी रजिस्टरमध्ये आहेत. त्यांपैकी अनेक अजून ‘वाहन’ प्रणालीत चढलेल्या नाहीत. ऑनलाइन नंबर टाकून काही आले नाही, म्हणजे गाडी बेकायदा असे नाही. मूळ आरटीओत रजिस्टर शोधून ‘बॅकलॉग’ नोंद करून घ्यावी लागते. रजिस्टरमध्येही नोंद सापडली नाही, तर सौदा तिथेच थांबवावा. गाडी सरकारी लिलावातून आलेली असेल, तर लिलावाची पावती आणि ताबापत्र मागावे.

गाडीजवळ गेल्यावर काय पाहावे?

- चेसिस नंबर : सांगाडा घासून नंबर वाचा, त्याचा ठसा घ्या आणि आरसीशी आकडा न् आकडा जुळवा. नंबर खोडलेला वा पुन्हा ठोकलेला वाटला, तर परत फिरा.
- इंजिन नंबर : पेट्रोल परवडेना म्हणून अनेकांनी डिझेल इंजिन बसवले. तो बदल आरसीत चढलेला आहे का, ते पाहा.
- सांगाडा : बीडसारख्या कमी पावसाच्या भागात गाडी कोकणापेक्षा कमी गंजते. तरीही पाट्यांचे हँगर, केबिनचा तळ आणि मातीत रुतलेला भाग हातोडीने ठोकून पाहावा.
- जाम इंजिन : थेट बॅटरी लावून स्टार्टर मारू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, एक-दोन दिवस थांबावे आणि हँडलने हळूहळू फिरवून पाहावे.
- नेणे : ब्रेक, टायर, वायरिंग निकामीच धरावे. गाडी ओढत नेऊ नये. ट्रकवर किंवा ट्रेलरवर चढवूनच न्यावी.

‘व्हिंटेज’ नोंदणी मिळेल का?

केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार, पुनर्नोंदणीचे ५ हजार रुपये. प्रमाणपत्र १० वर्षांचे. जुनी नोंदणी असेल तर मूळ नंबर राखता येतो.

मात्र अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्ती यांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. शेतमाल वाहायचा विचार असेल, तर हा मार्ग नाही. शिवाय हे नियम खासगी वापराच्या गाड्यांसाठी आहेत. पिकअपची नोंद ‘मालवाहू’ असेल, तर पैसे देण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्यावे.

नेहमीची नोंदणी ठेवायची असेल तर?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार २० वर्षांवरील हलक्या मोटारीसाठी हे शुल्क १० हजार रुपये आहे. उशिराबद्दल चारचाकीला महिन्याला ५०० रुपये वेगळे. पर्यावरण कर आणि विमा त्याहून निराळा. वीस वर्षे पडून असलेल्या गाडीला किती महिन्यांचा विलंब लागेल, हे आधी विचारावे. कधी हा आकडा गाडीच्या किमतीपेक्षा मोठा निघतो.

इसार कधी द्यावा?

चेसिसचा ठसा जुळला, आरटीओतील नोंद सापडली, बँकेचा बोजा नाही हे कळले आणि वारसांच्या सह्या झाल्या, की मगच. यांपैकी एक जरी राहिले, तर ती गाडी फक्त भंगाराच्या भावाची. विकणारा ‘कागद नंतर बघू’ म्हणत असेल, तर पैसेही नंतरच द्यावेत.