घरच्या दुरुस्तीचा हक्क

१९७५ साली स्थापन झालेल्या ‘महाराष्ट्र स्कूटर्स’च्या सातारा येथील कारखान्यात ‘प्रिया’ स्कूटर तयार होत असे. त्या काळी अशी स्कूटर बाळगणारा शिक्षक वा कारकून रविवारी सकाळी अंगणात पाना आणि पॉलिश पेपर घेऊन बसे. प्लगवरील काजळी घासणे, पॉइंटमधील अंतर जुळवणे, कार्ब्युरेटरमधील कचरा काढणे, एवढ्यावर गाडी बहुधा पुन्हा चालू लागे. ज्या वालचंद हिराचंद यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय सांगलीत आहे, त्यांनीच उभारलेल्या प्रीमियर कंपनीच्या पद्मिनी मोटारीचे हौशी मालकही तेच करीत.

हे दृश्य आज दुर्मीळ झाले, याचा दोष नव्या पिढीच्या आळसाला देणे अन्यायाचे होईल. यंत्रच बदलले आहे. पॉइंट गेले, १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांनंतर नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटरही जवळजवळ हद्दपार झाला. इंधन किती व केव्हा सोडायचे हे आता गाडीतील संगणक ठरवतो आणि त्यात नोंदलेला बिघाड वाचण्यास निराळे उपकरण लागते. हवेच्या शुद्धतेसाठी हा बदल इष्टच होता.

परंतु शुद्ध हवेसाठी गाडीविषयीचे ज्ञान कुलूपबंद ठेवण्याचे कारण नाही. दुरुस्ती-पुस्तिका, सुटे भाग आणि बिघाड ओळखण्याची साधने मालकाला व गल्लीतील मिस्त्रीलाही वाजवी दरात मिळाली पाहिजेत. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली व संकेतस्थळही उघडले. तेवढ्याने भागणार नाही. कायद्याचे बंधन हवे. विकत घेतलेली वस्तू स्वतः उघडून दुरुस्त करता येत नसेल, तर ती मालकी कसली?