नवी आवृत्ती मंद का? उत्तर 'कऱ्हाड'मध्ये

संगणकाच्या पडद्यावरील खिडक्या, बटणे, याद्या प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः रेखाटत नाही. ते काम 'टूलकिट' नावाचा सुट्या भागांचा तयार संच करतो. या संचाची मोठी आवृत्ती बदलली की त्याच यंत्रावर तोच प्रोग्रॅम रेंगाळतो, ही तक्रार जुनीच. दोष सहसा प्रोग्रॅमरांच्या माथी मारला जातो. मराठी वाचकाने मात्र निवाडा करण्यापूर्वी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाड आणि सांगली जिल्ह्यातील शिराळा ही दोन नावे पडद्यावर कशी उमटतात, ते पाहावे.

'शिराळा' साठवताना आधी 'श' येतो, मग वेलांटी. दिसताना वेलांटी आधी हवी. 'कऱ्हाड' म्हणजे युनिकोडचे ६ संकेत, पण डोळ्यांना अक्षरे ३. त्यांतही 'ऱ'ला आडव्या वक्र रेषेचे रूप घेऊन 'ह'ला बिलगावे लागते. ('कराड' लिहून सुटका होते खरी, पण कऱ्हाडे आडनावाच्या माणसाने काय करावे?) 'गिम्प' या चित्रसंपादकासाठी जन्मलेल्या 'जीटीके' टूलकिटच्या १.२ आवृत्तीला ही जुळणी येत नव्हती. मार्च २००२ मधील २.० आवृत्तीने ती 'पँगो' या यंत्रणेकडे सोपवली. लिपी ओळखणे, फाँट निवडणे, अक्षरांचा क्रम लावणे, रुंदी मोजणे, हे सारे सोपस्कार तेव्हापासून साध्या इंग्रजी शब्दालाही लागू झाले. शिवाय प्रत्येक भाग आधी स्मृतीत रेखाटून मग पडद्यावर आणण्याची पद्धत आली. लुकलुक थांबली, काम वाढले.

याची झळ जाणवते ती लांबलचक यादीत. दोन्ही जिल्ह्यांतील गावांची नावे एका यादीत भरली, तर टूलकिट प्रत्येक ओळीची उंची स्वतंत्रपणे मोजू लागते. सर्व ओळी समान उंचीच्या आहेत, असे आधीच सांगून ही मोजणी टाळण्याची सोय डिसेंबर २००४ च्या २.६ आवृत्तीत मिळाली. पुष्कळदा मंदपणा असा नव्या संचात नसून तो जुन्याच सवयीने वापरण्यात असतो.

ऑगस्ट २००५ च्या २.८ आवृत्तीत रेखाटन 'कैरो'कडे गेले. कडा गुळगुळीत झाल्या, वेग प्रारंभी घटला. 'कऱ्हाड' शुद्ध उमटण्यासाठी खर्ची पडलेला वेळ सत्कारणी लागला, असे म्हणता येते. सावल्या आणि गोलाईसाठी गेलेल्या वेळेबद्दल तसे म्हणवत नाही. डिसेंबर २०२० च्या ४.० आवृत्तीने तर रेखाटनाचा भार ग्राफिक्स कार्डावर टाकला. ज्या जुन्या संगणकात तसे समर्थ कार्ड नाही, तेथे तो मुख्य प्रोसेसरलाच वाहावा लागतो.