चाकणची पोलो, माहीमचे रस्ते

बुधवारी नोव्हेनाच्या दिवशी सेंट मायकल चर्चसमोरून गाडी काढायची म्हणजे काय, हे माहीमकराला वेगळं सांगावं लागत नाही. कॉजवेकडून शहरात शिरणारी रांग, वांद्र्याकडे निघालेली रांग, मधून रस्ता ओलांडणारे भाविक, आणि क्लचवरून पाय उचलायची सोय नाही. डिसेंबरात मखदूम शाह बाबांचा उरूस भरला की समुद्राकडच्या बाजूला हीच तऱ्हा. पण त्याच माहीमहून वांद्र्याच्या टोकाला पोचून सी-लिंकला लागलं की गाडीकडून एकदम वेगळंच काम अपेक्षित असतं. आता सी-लिंक कोस्टल रोडला जोडला गेल्यामुळे तर पार मरीन ड्राइव्हपर्यंत सिग्नलच लागत नाही. रांगेत तासभर घुसमटणं आणि मग एका दमात मोकळं धावणं, ही दोन्ही कामं इथल्या गाडीला एकाच दिवसात करावी लागतात.

म्हणून माझं मत आधीच मांडतो. ज्या घरात एकच गाडी आहे आणि ती लावायला इमारतीत एकच जागा आहे, त्या घरासाठी छोटी टर्बो पेट्रोल हॅचबॅक ही रोजच्या वापराची भरवशाची गाडी होऊ शकते. टर्बो म्हटलं की लोक बिचकतात. नाजूक असेल, पेट्रोल पीत असेल, पाच वर्षांत मोठा खर्च काढेल, अशी भीती असते. माझ्या मते भीती बाळगायचीच तर गिअरबॉक्सची बाळगावी. हे ज्या गाडीवरून सर्वांत नीट समजतं ती आपल्याच महाराष्ट्रात, चाकणला तयार झाली: फोक्सवॅगन पोलो.

चाकणच्या कारखान्याचं उद्‌घाटन 31 मार्च 2009 रोजी झालं. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथे पोलो बनू लागली आणि 2010 मध्ये रस्त्यावर आली. दार बंद करताना येणारा भरीव आवाज, वेगात रस्ता धरून राहणं, साधी नेटकी बांधणी, यांमुळे ती लोकांना आवडली. पण सुरुवातीच्या तीन सिलिंडरच्या साध्या पेट्रोल इंजिनात दम नव्हता. गाडी जड आणि इंजिन थंड, अशी तक्रार सगळीकडे ऐकू यायची. 2013 मध्ये जीटी टीएसआय आली आणि चित्र पालटलं. 1197 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, त्याला टर्बो, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी यंत्रणा, 105 पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) शक्ती आणि सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तोवर आपल्याकडे टर्बो म्हणजे डिझेल, हेच समीकरण होतं. पेट्रोल हॅचबॅकला आठ लाखांच्या घरात किंमत, हे ऐकून बऱ्याच जणांनी भुवया उंचावल्या होत्या.

इंजिन 1197 सीसीचंच का, याचं उत्तर कर आकारणीत आहे. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतली लांबी आणि पेट्रोल असेल तर 1200 सीसीच्या आतलं इंजिन, अशा गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. नंतर जीएसटीतही छोट्या गाडीची हीच व्याख्या चालू राहिली, आणि सप्टेंबर 2025 पासून अशा गाड्यांवरचा कर 18 टक्क्यांवर आला आहे. पोलोची लांबी 3971 मिलिमीटर, म्हणजे मर्यादेच्या जेमतेम आत. इंजिन मोठं करायचं नाही आणि शक्ती तर हवी, या अडचणीतून वाट काढायला टर्बो कामी आला. शिवाय चार मीटरच्या आतली गाडी शीतलादेवी परिसरातल्या जुन्या इमारतींच्या आवारात दोन खांबांमध्ये बसते, हा फायदा माहीमकरासाठी करसवलतीइतकाच मोठा आहे.

टर्बोची कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने 1905 मध्ये तिचं पेटंट घेतलं. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू एरवी सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बोत त्या वायूच्या जोरावर एक छोटं पातं फिरतं. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेलं पातं बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, आणि तेवढ्याच आकाराच्या सिलिंडरमधून जास्त काम होतं. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी आठवा. तिचं इंजिन 1089 सीसीचं होतं आणि शक्ती चाळीसेक अश्वशक्ती. 2020 नंतरच्या पोलोचं इंजिन 999 सीसीचं, तीन सिलिंडरचं, आणि शक्ती 110 पीएस. पद्मिनीहून लहान इंजिन आणि शक्ती अडीच पटींहून जास्त.

रोजच्या वापरात मात्र 110 या आकड्यापेक्षा टॉर्क महत्त्वाचा. या इंजिनाचा 175 न्यूटनमीटरचा पूर्ण टॉर्क 1750 आरपीएमच्या आसपासच मिळतो. व्यवहारात याचा अर्थ असा की चार माणसं बसलेली, एसी चालू आणि पूल चढायचा असला तरी गिअर उतरवून इंजिन ओरडवावं लागत नाही. गणपतीला सामानाने भरलेली गाडी घेऊन कोकणात जाणाऱ्यांना घाटात याचं मोल कळतं. एक उणीवही सांगितली पाहिजे. आरपीएम 1500 च्या खाली असताना टर्बो जागा झालेला नसतो. रांगेत दुसऱ्या गिअरवर रांगताना गाडी क्षणभर मरगळते आणि पहिला गिअर टाकावा लागतो. आठवड्याभरात पायाला सवय होते, पण टेस्ट ड्राइव्ह मोकळ्या रस्त्यावर घेतली तर हे लक्षातच येत नाही. टेस्ट ड्राइव्ह घ्यायची तर संध्याकाळी सात वाजता, माहीम जंक्शनला घ्यावी.

आता गिअरबॉक्स. 2013 च्या जीटी टीएसआयमधला सात गिअरचा डीएसजी म्हणजे दोन क्लच असलेला गिअरबॉक्स. एका क्लचवर एक, तीन, पाच, सात हे गिअर, दुसऱ्यावर दोन, चार, सहा. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार असतो, त्यामुळे बदल डोळ्याची पापणी लवायच्या आत होतो. हायवेवर त्याला तोड नाही. पण हे दोन्ही क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. कॉजवेच्या रांगेत गाडी दोन फूट पुढे, थांबा, पुन्हा दोन फूट असं करत राहिली की क्लच अर्धवट धरला जातो, घासतो आणि तापतो. अर्ध्या क्लचवर गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरला मालक रागावतो. इथे तेच काम गाडीचा संगणक करत असतो. शिवाय हे क्लच आणि गिअर हलवणारा मेकाट्रॉनिक नावाचा भाग बिघडला तर खर्च मोठा येतो. हा गिअरबॉक्स जगभर चर्चेत राहिला. 2013 मध्ये चीनमध्ये डीएसजीच्या दोषापायी फोक्सवॅगनला साडेतीन लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

2020 मध्ये प्रदूषणाचे बीएस 6 नियम आले तेव्हा पोलोची डिझेल इंजिनं बंद झाली आणि एक लिटर टीएसआय आलं. त्याच्या जोडीला सहा गिअरचा मॅन्युअल किंवा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये शक्ती तेलातून पुढे जाते, त्यामुळे रांगेत घासायला तिथे कोरडा क्लचच नाही. गिअर बदलायला तो डीएसजीपेक्षा थोडा जास्त वेळ घेतो, पण मुंबईच्या रांगेत निमूट काम करतो. माझ्या दृष्टीने पोलो खऱ्या अर्थाने मुंबईची गाडी झाली ती या बदलानंतर. दुर्दैवाने दोनच वर्षांत तिचं उत्पादन थांबलं. 2022 च्या एप्रिलमध्ये 700 गाड्यांची लेजेंड एडिशन काढून कंपनीने तिला निरोप दिला.

सुरक्षिततेचंही सांगायला हवं. 2014 च्या जानेवारीत गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने एअरबॅग नसलेली भारतीय पोलो आपटून पाहिली, तेव्हा तिला शून्य तारे मिळाले. दोन एअरबॅग असलेल्या पोलोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले. त्यानंतर कंपनीने दोन एअरबॅग सगळ्याच पोलोंत देऊ केल्या. म्हणून त्याआधीची स्वस्तातली जुनी पोलो कोणी दाखवली तर सर्वांत आधी एअरबॅग पाहा.

टर्बो टिकतो की नाही, हे मुख्यतः तेलावर अवलंबून आहे. त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तेल जुनं झालं, कमी पडलं किंवा भलतंच घातलं की पहिला मार त्यालाच बसतो. कंपनीने सांगितलेल्या दर्जाचं पूर्ण सिंथेटिक तेलच घालावं. 15,000 किलोमीटर किंवा एक वर्ष असा सर्व्हिसिंगचा नियम आहे. पण मुंबईत गाडी किलोमीटर कमी आणि तास जास्त चालते, म्हणून मी तेल त्याच्या निम्म्या अंतरावरच बदला म्हणेन. दुसरं दुखणं माहीमसारख्या ठिकाणी जास्त उद्भवतं: फक्त छोट्या फेऱ्या. घरातून सिटीलाइटचा बाजार, तिथून हिंदुजा हॉस्पिटल आणि परत. इंजिन पुरतं तापतच नाही. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हवर ते पडत नाही, व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळी साचते. आठवड्यातून एकदा गाडीला मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास चालवून आणावं.

पावसाळ्यात आणखी एक पथ्य. गाडी जमिनीपासून फार उंच नाही. हिंदमाता किंवा गांधी मार्केटला पाणी भरलं असेल तर आत शिरू नये, आणि पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा चावी फिरवू नये. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड, आणि मग इंजिन उतरवावं लागतं. इंधनाचंही एक पथ्य आहे. पोलो बंद झाल्यानंतर, एप्रिल 2023 पासून 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सोसणाऱ्या गाड्या बनवणं सक्तीचं होऊ लागलं. म्हणून पोलोच्या इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील प्रत्येक सर्व्हिसिंगला पाहून घ्यावेत.

सेकंड हॅण्ड टीएसआय पाहायला जायचं तर सकाळी लवकर जा, आणि गाडी आधी सुरू करून ठेवू नका असं मालकाला आदल्या दिवशी सांगा. बॉनेटला हात लावा. थंड असलं पाहिजे. थंड इंजिन सुरू होताना पहिले काही सेकंद कान देऊन ऐका. खडखड नसावी, मागून निळा धूर नसावा. मग ओळखीच्या मेकॅनिककडून टर्बोपाशी जाणारा हवेचा पाइप काढून घ्या आणि आत बोट फिरवा. तेलाचा हलका ओशटपणा चालतो. बोट तेलाने भिजून निघालं तर टर्बोचं सील गेलेलं आहे, सौदा तिथेच थांबवा. डीएसजी असेल तर चढावर गाडी रांगत न्या. धक्के बसले किंवा थरथर जाणवली तर क्लचचा खर्च दारात उभा आहे असं समजा.

मागच्या सीटवर पाय आखडून बसावं लागतं, हे मात्र खरं. घरात तिघं उंच माणसं असतील तर पोलो त्यांची गाडी नाही. नवीनच घ्यायची असेल तर ह्युंदाई आय 20 एन लाइनमध्ये 120 पीएसचं एक लिटर टर्बो आहे. तिचाही दोन क्लचचा गिअरबॉक्स कोरडा, म्हणून मॅन्युअल पाहा. मारुतीच्या फ्रॉन्क्समध्ये एक लिटर टर्बोसोबत टॉर्क कन्व्हर्टर मिळतो, जागाही ऐसपैस आहे. पण वेगात रस्ता धरण्यात ती पोलोची बरोबरी करत नाही. अबार्थ पुंटो, बलेनो आरएस, टियागो जेटीपी या सगळ्या टर्बो हॅचबॅक आल्या आणि थोड्याच काळात गेल्या. त्यांच्या सुट्या भागांसाठी वणवण करायची तयारी असेल तरच त्यांच्या वाटेला जावं. पोलोच्या इंजिनाच्या सुट्या भागांची ती अडचण नाही, कारण तेच एक लिटर टीएसआय टायगन आणि व्हर्टसमध्ये चालू आहे आणि त्या गाड्या आजही चाकणलाच बनतात.

तेव्हा 2020 ते 2022 मधली एक लिटर टीएसआय, मॅन्युअल किंवा टॉर्क कन्व्हर्टर, सर्व्हिसच्या पूर्ण नोंदींसह मिळाली तर माहीमकराने ती बिनधास्त घ्यावी. सात गिअरची जुनी डीएसजी कागदांशिवाय कोणी देऊ केली तर ती कितीही चकचकीत असो, हात जोडून परत फिरावं.