इलेक्ट्रॉनांचा पाऊण वळसा

कॅन्सरच्या रुग्णांना ‘लाइट’ देतात ते यंत्र अनेकांनी निदान छायाचित्रात तरी पाहिलेले असते. खाली अरुंद टेबल आणि त्यावर झुकलेला, रुग्णाभोवती फिरणारा एक भलामोठा हात. हा लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर, रुग्णालयाच्या बोलीत ‘लिनॅक’. क्ष-किरण या हाताच्या टोकातून खाली येतात. पण ते निर्माण करणारे इलेक्ट्रॉन, निदान मोठ्या क्षमतेच्या यंत्रांत, हाताच्या आत आडव्या बसवलेल्या नळीतून धावत येतात. नळी मीटरभर किंवा त्याहून लांब असते. ती रुग्णाच्या डोक्यावर उभी केली, तर यंत्र खोलीत मावणार नाही. म्हणजे इलेक्ट्रॉनांना वाटेत वळवणे आले.

ते सोपे नाही. 60 लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळालेल्या इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या 99 टक्क्यांहून अधिक असतो. शिवाय सगळे ऋणभारित, म्हणजे एकमेकांना दूर लोटणारे. नळीच्या सुरुवातीला, वेग कमी असताना, हा झोत फिसकटण्याची भीती सर्वाधिक. म्हणून नळीभोवती तारेची गुंडाळी बसवून चुंबकीय क्षेत्र तयार करतात. कडेला भरकटणारा इलेक्ट्रॉन त्यात मळसूत्री वाटेने फिरतो आणि अक्षाजवळ राहतो. झोत किंचित डावी-उजवीकडे किंवा वर-खाली सरकवायला आणखी छोट्या गुंडाळ्या असतात. चुंबक इलेक्ट्रॉनचा वेग वाढवत नाही की घटवत नाही, फक्त दिशा बदलतो. इथे नेमके तेवढेच हवे असते.

आता वळण. आडव्याचे उभे करायला 90 अंश पुरतात, असे कोणालाही वाटेल. पण सगळ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा अगदी सारखी नसते. कमी ऊर्जेचे जास्त वळतात, जास्त ऊर्जेचे कमी. लोलकातून पांढरा प्रकाश फाकतो, तसा 90 अंशांच्या वळणानंतर झोत फाकतो. यावर शोधलेला उपाय मला फार आवडतो: 90 ऐवजी उलट्या बाजूने 270 अंश वळवायचे! जोरकस इलेक्ट्रॉन मोठा फेरा घेतात, मंद इलेक्ट्रॉन लहान. चुंबकाच्या ध्रुवांचा आकार असा घडवलेला असतो, की हा पाऊण वळसा संपताना सगळ्या वाटा पुन्हा एकाच बिंदूवर येतात.

तिथे असतो टंगस्टनसारख्या जड धातूचा तुकडा. इलेक्ट्रॉन त्यावर आदळून क्ष-किरण निघतात. आदळण्याचा ठिपका जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा असावा लागतो. लांबलचक ट्यूबलाइटपुढे धरलेल्या हाताची सावली पुसट पडते, लहान दिव्यापुढे ती रेखीव असते. ठिपका पसरला, तर किरणांची कडाही तशीच पुसट होते आणि त्या कडेपलीकडे कधी डोळ्याची नस असते, कधी मज्जारज्जू.

त्वचेजवळच्या गाठींसाठी कधी कधी टंगस्टन बाजूला सारून थेट इलेक्ट्रॉनच देतात. त्या वेळी झोत कितीतरी क्षीण ठेवावा लागतो, कारण मध्ये अडवणारे काही नसते. झोताची तीव्रता आणि समोरचा अडसर यांची जोडी चुकली तर काय होते, हे 1986 मध्ये अमेरिकेत टेक्सासमधील टायलर येथे दिसले. ‘थेरॅक-25’ या यंत्रावर ऑपरेटरने इलेक्ट्रॉनऐवजी क्ष-किरणाचे अक्षर टाइप केले, चूक लक्षात येताच झटपट दुरुस्त केली आणि उपचार सुरू केला. यंत्रातील वळणाचे चुंबक स्थिर व्हायला सुमारे आठ सेकंद लागत. त्या आठ सेकंदांत केलेली दुरुस्ती पडद्यावर उमटली, पण सॉफ्टवेअरच्या दुसऱ्या भागापर्यंत पोहोचलीच नाही. झोत राहिला क्ष-किरणांसाठीचा, प्रचंड, आणि समोर टंगस्टन नव्हते. रुग्णाला ठरलेल्या मात्रेच्या शंभर पटीच्या आसपास मात्रा बसली. तीन आठवड्यांनी तिथेच दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत हेच घडले. दोघेही दगावले. दोष सापडला तो रुग्णालयातल्याच भौतिकतज्ज्ञाला. ऑपरेटरला सोबत घेऊन त्याने त्याच कळा पुन्हा पुन्हा दाबून पाहिल्या, तेव्हा कळले, की हात सरावलेला आणि वेगवान असेल तरच बिघाड होतो. आधीच्या मॉडेलमधले स्वतंत्र यांत्रिक अडसर या यंत्रातून काढून सगळा भार सॉफ्टवेअरवर टाकला होता.

आजच्या लिनॅकमध्ये झोताच्या वाटेवर आयनीभवन कक्ष असतात. त्यांचे वेगवेगळे भाग किरणांची मात्रा सतत मोजतात. एका बाजूला मात्रा जास्त दिसली, की दिशा देणाऱ्या गुंडाळ्यांतला प्रवाह बदलून झोत मध्यावर आणला जातो. फरक मर्यादेबाहेर गेला, तर यंत्र बंद पडते. मात्रा मोजणारे कक्षही दोन असतात आणि एक दुसऱ्यावर अवलंबून नसतो. रोज सकाळी पहिला रुग्ण टेबलावर येण्याआधी रिकाम्या खोलीत झोत सोडून हे सारे तपासले जाते.